वादळी रविवारी क्लबची सायकलफेरी : चेशायरच्या गावरस्त्यांवरचा हिवाळा

सिंहगडाच्या घाटात जुलैच्या पावसात भिजत सायकल चालवलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या हिवाळी पावसाचे विशेष काही वाटत नाही, आणि पहिल्याच डिसेंबरात त्याची फसगत होते ती नेमकी याच कारणाने. सह्याद्रीतला पाऊस अंग भिजवतो आणि तासाभरात विसरला जातो. चेशायर या इंग्लंडमधल्या परगण्यातला पाच अंश तापमानाचा पाऊस, त्यात ताशी तीस मैलांचा वारा मिसळला की, अंगातली ऊब काढून घेतो, आणि तीही सर्वांत आधी बोटांतून, म्हणजे ज्या बोटांनी ब्रेक दाबायचा असतो त्याच बोटांतून. माझी स्वतःची अशीच फसगत झाली होती. मँचेस्टरच्या दक्षिणेला राहून येथल्या क्लबाबरोबर अनेक हिवाळे रविवारच्या फेऱ्या केल्यानंतर, आणि त्यांतल्या बऱ्याच फेऱ्यांचे नेतृत्व केल्यानंतर, हाती लागलेले शहाणपण येथे क्रमाने मांडत आहे. ते प्रामुख्याने त्या मराठी मंडळींसाठी आहे, जी नोकरीनिमित्त येथे येतात, उन्हाळ्यात हौसेने क्लबात दाखल होतात आणि हिवाळ्यासाठी घड्याळे तासभर मागे गेली की बुचकळ्यात पडतात.

रविवारची क्लबफेरी ही ब्रिटनमधली जुनी रीत आहे. सायकलिस्ट्स टूरिंग क्लब ही संस्था १८७८ मध्ये स्थापन झाली आणि आज ती सायकलिंग यूके या नावाने काम करते. इतक्या वर्षांत हिवाळ्यातही फेरी बंद पडली नाही, याचे कारण येथल्या लोकांची चिकाटी हे आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे माघार कधी घ्यायची हे त्यांना ठाऊक असते. एकट्या स्वाराची चूक त्याला एकट्याला भोवते. गटात ती दहा जणांना थंडीत ताटकळत ठेवते. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय गटातल्या सर्वांत लवकर गारठणाऱ्या माणसाच्या हिशोबाने घ्यायचा आहे, हे आधीच मान्य करून टाकावे.

शुक्रवारी : अंदाज कसा वाचावा

ब्रिटनचे मेट ऑफिस आणि आयर्लंडचे मेट एरन या हवामानसंस्थांनी २०१५ पासून वादळांना नावे द्यायला सुरुवात केली. नाव असलेल्या वादळात बाहेर पडायचे नाही, हा नियम सोपा आहे आणि तो पाळायलाही सोपा जातो. कीआरा वादळ ९ फेब्रुवारी २०२० रोजी आले, तो दिवस रविवारच होता, आणि त्या सकाळी घरी राहण्यासाठी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. खरी पंचाईत होते ती बिननावाच्या रविवारी, जेव्हा हवामानाचा इशारा पिवळा, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा, असतो किंवा मुळीच नसतो आणि प्रत्येकाला वाटते की जमून जाईल. इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर चर्चा न करता फेरी रद्द करावी. पिवळा असेल तर तो वाऱ्याचा आहे, पावसाचा आहे की बर्फाचा, हे उघडून वाचावे, कारण पावसाच्या पिवळ्या इशाऱ्यात मार्ग बदलून भागते, बर्फाच्या इशाऱ्यात मात्र दोन चाकांवर भागत नाही.

वाऱ्याचा सरासरी वेग पाहून समाधान मानू नये. ताशी आकड्यांच्या तक्त्यात झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो आणि सायकलस्वाराला पाडतो तो झोत. माझी मोजमापे अशी आहेत: झोत ताशी ३० मैलांच्या आत असतील तर नेहमीची फेरी, ३० ते ४० मैल असतील तर सपाट मार्ग, छोटा गट आणि फक्त अनुभवी स्वार, ४० मैलांच्या पुढे फेरी नाही. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापावर ताशी ३९ मैलांपासून पुढचा वारा झाडांच्या डहाळ्या मोडतो, आणि चेशायरचे बहुतेक गावरस्ते झाडांखालूनच जातात.

दिवसभरात वारा फिरणार आहे का, हेही पाहावे, आणि नवखे लोक नेमके हेच पाहत नाहीत. येथली हिवाळी वादळे अटलांटिकवरून येतात. आधी नैर्ऋत्येचा दमट, त्यातल्या त्यात उबदार वारा वाहतो आणि रिपरिप चालू राहते. मग थंड हवेची आघाडी येऊन जोराची सर कोसळते, वारा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे वळतो, पारा भराभर उतरतो आणि आभाळ चक्क निळे होते. सगळ्यांना हायसे वाटते. सकाळच्या दहा अंशांसाठी कपडे घालून, भिजून, घाम येऊन बसलेला गट चार अंशांच्या कोरड्या वाऱ्यात घराकडे निघतो आणि ओला रस्ता सूर्य कलताच गोठू लागतो. आघाडी किती वाजता सरकणार आहे हे ज्याला ठाऊक असते, तो आपला थांबा त्या वेळेवर बेततो.

शनिवारी : मार्ग आखणे

आमच्या पूर्वेला पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत आणि पश्चिमेला चेशायरचे मैदान. मॅकल्सफील्डहून बक्सटनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा कॅट अँड फिडलचा माथा ५०० मीटरहून उंच आहे. पायथ्यापेक्षा तेथे दोन-अडीच अंश तरी थंड असते, आडोसा नसतो आणि उतारावर घामेजलेले अंग वाऱ्यात धरले जाते. वादळी दिवशी डोंगराकडे पाठ फिरवावी, याबाबत माझे मत ठाम आहे.

मैदानात सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परतावे. अंगात ताकद असते तोवर झुंज उरकून जाते, आणि दमलेल्या माणसाला वाराच घरी आणतो. मात्र अंतर कमी करावे. ताशी २५ किलोमीटर वेगाने चालणारा गट ४० किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध तोच वेग राखू पाहील, तर हवेचा रोध शांत दिवसाच्या सुमारे पावणेसातपट होतो. म्हणजे वेग १५ वर येणारच. जाताना ३० किलोमीटरला दोन तास आणि परतताना ३५ च्या वेगाने ५० मिनिटे धरली, तर एकूण पावणेतीन तासांपेक्षा अधिक होतात, जे शांत हवेत २ तास २४ मिनिटांत उरकले असते. वाऱ्याने घेतलेला वेळ वारा पुरता परत करत नाही. त्यात २१ डिसेंबरच्या सुमारास मँचेस्टरमध्ये सूर्य सकाळी ८.२० ला उगवून दुपारी ३.५० ला मावळतो. तेव्हा नऊला निघून दोनच्या आत घरी, एवढाच दिवस आपला असतो.

डेन आणि बॉलिन या नद्यांच्या काठचे खोलगट रस्ते आठवडाभराच्या पावसानंतर पाण्याखाली जातात, म्हणून ते वगळावेत. डेलामेअरच्या जंगलातून जाणारा रस्ता एरवी सुंदर असला तरी वाऱ्यात टाळावा. आणि मार्गावर घराकडे वळणाऱ्या दोन तरी वाटा आधीच ठरवून त्या सर्वांना कळवाव्यात. वाट ठरलेली असली म्हणजे माघार घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही.

सायकल

हिवाळी सायकल वेगळी असेल तर उत्तम. नसेल तर आहे त्या सायकलीला मडगार्ड बसवावेत. पुष्कळ क्लबांत नोव्हेंबर ते मार्च मडगार्डशिवाय गटात उभे करत नाहीत, आणि हा शिष्टाचाराचा अतिरेक नव्हे. चेशायर हा दूधदुभत्याचा मुलूख आहे. गायी रस्ता ओलांडतात, ट्रॅक्टर शेणखत वाहतात, आणि तुमच्या मागच्या चाकाने उडवलेले पाणी थेट मागच्या माणसाच्या तोंडात जाते. म्हणून मागच्या मडगार्डला जमिनीपासून चार बोटांवर येईल असा रबरी फ्लॅप लावावा, आणि पाण्याची बाटली झाकणवाली घ्यावी.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे, पंक्चररोधक पट्टीचे असावेत. मध्यम वजनाच्या स्वाराने उन्हाळ्यातल्या ९० पीएसआय हवेच्या दाबाऐवजी ६० ते ७० भरावेत, ओल्या रस्त्यावर पकड सुधारते. खोल रिमची, म्हणजे रुंद कडेची, चाके घरी ठेवावीत, कारण आडवा वारा त्यांना शिडासारखा धरतो. रिमवर दाबले जाणारे रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाकाचे एक-दोन फेरे वाया जातात, हे लक्षात ठेवून ब्रेक आधी हलका लावून पाहावा. मागे दोन लाल दिवे असावेत, त्यांतला एक स्थिर. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत दोन तास सायकल चालवणे ही मागच्या माणसाला शिक्षा आहे.

कपडे आणि खिसे

अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर लांब बाह्यांची जर्सी, वर खरे वॉटरप्रूफ जॅकेट आणि पायांत बुटांवरून चढवायची आवरणे, एवढे बहुतेकांना माहीत असते. हेल्मेटखाली चोच असलेली कापडी टोपी घालावी, म्हणजे पाऊस डोळ्यांत मारत नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्याव्यात, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवावी आणि कॅफेतल्या थांब्यानंतरच चढवावी. घरातून निघताना पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे; दारातच उबदार वाटणारा माणूस तासाभरात आतून घामाने भिजतो.

खाणे दर अर्ध्या तासाला थोडे थोडे. जाड हातमोज्यांनी वेष्टन फाडता येत नाही, म्हणून ते घरीच कापून ठेवावे. बाजारातल्या एनर्जी बार थंडीत दगड होतात. तिळगुळाचा लाडू मात्र तोंडात विरघळतो, हे आमच्या क्लबातल्या इंग्रज मंडळींनाही जानेवारीत पटले आहे आणि आता संक्रांत कधी असते हे ते मला विचारतात.

गटाच्या सामानात प्रत्येकी दोन ट्यूब, पंप, फॉइलचे हलके ब्लँकेट आणि एक जादा जॅकेट असावे. फोन पूर्ण चार्ज करून पिशवीत बंद करावा. ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला एसएमएस पाठवण्याची सोय येथे आहे, पण त्यासाठी आधी त्याच क्रमांकावर रजिस्टर हा शब्द पाठवून नोंदणी करावी लागते; फोनवर आवाज जात नाही अशा खोलगट भागात ही सोय उपयोगी पडते.

निघण्यापूर्वी

गट आठांचा असावा. अधिक जण आले तर दोन गट करावेत. पुढे लीडर, शेवटी एक ठरलेला, दमदार स्वार, आणि त्या दोघांकडे एकमेकांचा फोन नंबर. सर्वांची मोजणी मोठ्याने करावी. हाकांचा अर्थ पक्का करून घ्यावा, कारण ‘कार अप’ म्हणजे काही भागांत समोरून येणारी गाडी आणि काही भागांत मागून येणारी; नवा माणूस दुसऱ्या गावच्या क्लबातून आला असेल तर हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. आम्ही सरळ ‘पुढून’ आणि ‘मागून’ अशा अर्थाचे शब्द वापरतो.

कोणी अपुऱ्या कपड्यांत आलेला दिसला तर त्याला तेथेच परत पाठवावे. पहिल्यांदा हे सांगताना मला फार संकोच वाटला होता, आणि सांगितले नाही. त्याची हकिगत पुढे येईल.

वाऱ्यात चालताना

शर्यतीत आडव्या वाऱ्यात स्वार तिरकी रांग धरतात, पण त्यासाठी अख्खा रस्ता लागतो. गावरस्ता जेमतेम एका गाडीएवढा असतो, त्यावर वेगाची मर्यादा बहुधा ताशी ६० मैलांची असते आणि वळणापलीकडून दुधाचा टँकर येऊ शकतो. तेव्हा एकेरी किंवा दुहेरी रांगेत, पण उन्हाळ्यापेक्षा मोकळे, पुढच्या चाकापासून एक ते दीड सायकलीचे अंतर ठेवून चालावे आणि आपले पुढचे चाक कोणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नये. हँडल खालून धरावे, कोपरे सैल सोडावीत. हँडल आवळून धरले की झोत थेट चाकापर्यंत पोहोचतो.

धोक्याच्या जागा ओळखता येतात. कुंपणाच्या आडोशाने आरामात चाललेला गट शेताच्या फाटकाशी आला की तेवढ्या उघड्या पट्ट्यात वारा बाजूने धडक देतो. फाटक दिसताच वाऱ्याच्या बाजूला किंचित कलावे. उंच लॉरी शेजारून जाते तेव्हा क्षणभर वारा पडतो आणि ती पुढे सरकताच दुप्पट जोराने येतो असे वाटते. हायवे कोड या ब्रिटनच्या रस्तानियमांच्या संहितेनुसार ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला मागे टाकणाऱ्या वाहनाने तिच्यापासून किमान दीड मीटर अंतर ठेवायचे आहे, आणि खराब हवेत त्याहून अधिक. सर्वच चालक ते ठेवतात असे नाही.

आवाजाचेही गणित आहे. समोरून वारा असताना पुढच्याची हाक मागे पोहोचते, मागच्याची पुढे पोहोचत नाही. म्हणजे पंक्चर झालेला माणूस ओरडत राहतो आणि गट निघून जातो. शेवटच्या स्वाराकडे शिट्टी असावी, आणि प्रत्येक चौकात लीडरने मागे वळून डोकी मोजावीत.

गूस्ट्री गावाजवळून जाताना जॉड्रेल बँक वेधशाळेची ७६ मीटर व्यासाची लव्हेल रेडिओ दुर्बीण शेतांच्या वर दिसते. जोराच्या वाऱ्यात तिची थाळी सरळ आभाळाकडे तोंड करून ठेवतात. १९७६ च्या जानेवारीतल्या वादळात ती कोसळण्याच्या बेतात आली होती आणि नंतर तिला तिरकस आधार बसवले गेले. थाळी आभाळाकडे वळलेली दिसली की मी अंदाज पुन्हा उघडून पाहतो. ती देखभालीसाठीही तशी ठेवलेली असू शकते, पण पाहायला काही खर्च नाही.

पाणी, बर्फ, झाडे

साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच धरून चालावे. तळ दिसत नसेल किंवा पाणी वाहत असेल तर सायकलवरून जाऊ नये, वळावे. तुटलेली वीजवाहिनी दिसली तर तिच्या जवळपासही न जाता वीजपुरवठ्याच्या १०५ क्रमांकावर कळवावे.

हवेचे तापमान तीन अंश असले तरी रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली असू शकतो, आणि मिठाचा मारा मुख्य रस्त्यांवर होतो, गावरस्त्यांवर नाही. शेतातून झिरपलेले पाणी सावलीत गोठते. बर्फावर आलोच, तर ब्रेक नाही, वळण नाही, पेडलवर जोर नाही. सरळ निसटू द्यावे आणि मग उतरून गवतावरून चालत जावे.

पंक्चर आणि ती हकिगत

इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, शेताची कुंपणे छाटायला मनाई असते. त्यामुळे सगळी छाटणी शरदात आणि हिवाळ्यात होते आणि कुंपणातल्या हॉथॉर्न या झुडपाचे काटे रस्त्यावर पसरतात. पंक्चर होणारच.

ज्या माणसाला मी परत पाठवायला हवे होते, त्याच्याच चाकात काटा घुसला, तोही उघड्या फाटकाशी. सगळे तेथेच थांबले आणि तो स्वतःच टायर काढू लागला, कारण मदत मागायचा त्याला संकोच होता. काही वेळाने त्याचा टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, खाली पडला. तो उचलायला वाकला आणि बोटे त्यावर मिटेनात; लिव्हर चिखलात सरकत राहिला आणि तो त्याच्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावे तसे पाहत राहिला. तोवर अठरा मिनिटे गेली होती.

त्यानंतरची आमची पद्धत अशी. चाक बदलायचे ते गोठ्याच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, तेथवर सायकल ढकलत न्यायची. काम करणारे दोघे, ज्यांचे हात सर्वांत उबदार आहेत ते. मालकाने तेवढ्या वेळात जादा जॅकेट घालून खायचे. बाकीच्यांनी पुढच्या चौकापर्यंत जाऊन यायचे, उभे राहायचे नाही. टायर आतून चाचपताना काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब घालायची नाही, आणि फाटकी ट्यूब रस्त्यावर ठिगळत बसायचे नाही.

थांबा

कॅफेत एकच थांबा, अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. त्यापुढे अंग निवते आणि ओले कपडे पुन्हा चढवणे नकोसे होते. आठ जण ओले येणार आहेत हे आधी फोन करून सांगितले तर मालक खुर्च्यांवर काहीतरी पसरून ठेवतो आणि कपाळाला आठ्या घालत नाही. टोस्टवर गरम बीन्स आणि मोठा चहा यापलीकडे फार विचार करू नये. हातमोजे रेडिएटरवर टाकावेत, आणि निघताना कोरडी जोडी चढवावी.

कोणी गारठले तर

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे म्हणजे हायपोथर्मिया. त्याआधीची लक्षणे गटाने ओळखायची असतात, कारण त्या माणसाला ती कळत नाहीत: सतत हुडहुडी, अडखळते शब्द, गिअर बदलता न येणे, नेहमी बोलणारा गप्प होणे, आणि विचारले की ‘मी ठीक आहे’ हे ठराविक उत्तर. त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, शक्य असेल तर ओला थर काढून कोरडा चढवावा, ब्लँकेटमध्ये गुंडाळावे, टोपी घालावी, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम द्यावे. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये. तो भरकटल्यासारखे बोलत असेल, किंवा थंडी कायम असून हुडहुडी थांबली असेल, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही. ९९९ ला फोन करावा. सौम्य प्रकारातही त्याला सायकलवरून घरी पाठवू नये. टॅक्सी बोलवावी, सोबत एक जण द्यावा, सायकल शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवायची विनंती करावी. ही विनंती आजवर कोणी नाकारलेली मी पाहिली नाही.

परतल्यावर

मिठाचे पाणी चेन आणि ब्रेक दोन्ही खाते, म्हणून आंघोळीआधी बादलीभर पाण्याने सायकल धुवावी; जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये. चेन फडक्याने कोरडी करून ओल्या हवेसाठीचे वंगण लावावे, टायरवर बोट फिरवून अडकलेले काटे पिनेने काढावेत, कारण आज ट्यूब न फोडलेला काटा मंगळवारी फोडतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाने एकदा बदलावेत.

लीडरचे काम मात्र इतक्यात संपत नाही. प्रत्येकाने घरी पोहोचल्याचा निरोप गटावर टाकायचा असतो. सात निरोप आले आणि आठवा आला नाही तर बोळे बदलायचे तसेच सोडून फोन लावावा. बहुतेक वेळा तो आंघोळीला गेलेला असतो.